‘त्याला चढतच नाही’ : पोरसवदा मेंदू आणि पांढरे उंदीर

विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. बारावीचा वर्ग अजून पेंगत होता. मज्जासंस्थेचा धडा चालू होता आणि दारूमुळे मेंदूतल्या पेशींचं काम कसं मंदावतं ते मी सांगत होते. शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला. तालमीत जाणारा, एक कान कुस्तीत चुरगळलेला. म्हणाला, “मॅडम, एक विचारू? आमच्या गल्लीत एकजण आहे, आमच्याच वयाचा. मिरवणुकीत रात्रभर पीत होता. मोठमोठी माणसं आडवी झाली, ह्याला काय सुदिक झालं नाही. सकाळी परत ढोल अडकवून महाद्वार रोडला उभा. त्याला चढतच नाही. मग त्याच्या मेंदूला काय होणार?”

वर्गात कुणी हसलं नाही. उलट पोरांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, एखाद्या पैलवानाचा खुराक ऐकताना असतं तसं. तास संपायला सात मिनिटं उरली होती. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. घरी जाताना रंकाळ्यावर गाडी लावून थोडा वेळ बसले. त्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं खरं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत उंदरांच्या पिंजऱ्यांतून मिळालेलं आहे, आणि ते सात मिनिटांत मावत नाही. म्हणून इथे सावकाश लिहिते आहे.

पहिली शंका अशी येते, की माणसाच्या मेंदूबद्दल जाणून घ्यायचं तर माणसांनाच का तपासू नये? तपासतात की. अमेरिकेत १९९७ मध्ये ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी एका मोठ्या पाहणीचे आकडे मांडले. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे तिथेच आठशेहून जास्त मुलामुलींच्या मेंदूचे एमआरआय वर्षानुवर्षं काढत राहण्याचा प्रकल्प सुरू झाला. जास्त पिणाऱ्या मुलांच्या मेंदूतला करडा भाग, विशेषतः कपाळामागचा, इतरांपेक्षा वेगानं कमी होताना त्यात दिसला.

एवढ्यावर गप्प बसता आलं असतं, पण इथे एक गाठ आहे. चौदाव्या वर्षी पिणारा मुलगा आणि न पिणारा मुलगा यांच्यात फरक फक्त दारूचा नसतो. एकाच्या घरात आधीपासून बाटली असते, रोजची भांडणं असतात. कुणाचा स्वभाव मुळातच आततायी असतो, कुणाचं शाळेतून मन उडालेलं असतं. मग मेंदू दारूनं बदलला, की मेंदू आधीच तसा होता म्हणून दारू जवळची वाटली? एमआरआयच्या चित्रात हे लिहिलेलं नसतं. गाठ सोडवायची तर शंभर मुलं घेऊन, चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांना दारू पाजावी लागेल. हे कुणी करणार नाही आणि करूही नये.

उंदरांत ते करता येतं. एकाच आईची पिल्लं, सारखे पिंजरे, सारखं खाणं, दिवसाचा उजेड आणि रात्रीचा अंधार ठरवून दिलेला. चिठ्ठी टाकून निम्म्यांना दारू, निम्म्यांना पाणी. नंतर फरक दिसला तर तो बापाचा नाही, गल्लीचा नाही, स्वभावाचाही नाही. उरते ती दारू. प्राण्यांवरच्या या संशोधनाची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

आता पुढची शंका, जी वर्गात हमखास येते. उंदराला कसलं आलंय वयात येणं?

येतं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं पिल्लू साधारण एकविसाव्या दिवशी आईचं दूध सोडतं. २८ ते ४२ हे दिवस त्याच्या ऐन पौगंडाचे. मागचेपुढचे दिवस धरले तर २५ पासून ५५ पर्यंत. आपली दहा-बारा वर्षं त्याच्या एका महिन्यात उरकतात. या दिवसांत हार्मोन बदलतात, पिल्लू आईपेक्षा सवंगड्यांत रमायला लागतं, पिंजऱ्यात नवीन वस्तू ठेवली की सर्वात आधी जाऊन नाक खुपसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या लिंडा स्पिअर यांनी हे साम्य आग्रहानं मांडलं. मित्रांची ओढ, नव्याची ओढ, धोका पत्करण्याची हौस या गोष्टी फक्त माणसाच्या पोरांच्या नाहीत. त्या वयातल्या सस्तन प्राण्यांत त्या पुन्हापुन्हा दिसतात.

आणि हे उंदीर कुस्ती खेळतात. कोल्हापुरात राहते म्हणून रंगवून सांगत नाही, तालमीत जाणाऱ्याला तो खेळ बघताक्षणी ओळखू येईल. एक जण दुसऱ्याच्या मानेवर झेप घेतो. दुसरा गर्रकन वळतो, उलटतो. पहिला त्याला चीत करून वर उभा राहतो. क्षणात खालचा सुटतो आणि पाळी बदलते. मारामारीत चावे घेतले जातात, यात नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ही कुस्ती सगळ्यात जास्त चालते, मोठेपणी कमी होत जाते. ही कुस्ती पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

त्याच वेळी आत मेंदूत काय चाललेलं असतं? लहानपणी मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवतो. वयात येताना त्यातल्या न वापरलेल्या काढून टाकल्या जातात. तासगावकडच्या द्राक्षवाल्याला छाटणीचं महत्त्व सांगावं लागत नाही. कोणती काडी ठेवली आणि कोणती काढली यावर पुढचा घड ठरतो. उरलेल्या जोडण्यांवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण चढतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं, आणि संदेश झपाट्यानं जायला लागतात. हे काम मेंदूच्या मागच्या बाजूकडून पुढे सरकतं. विचार करून थांबणं, पुढचं बघणं ही कामं ज्या कपाळामागच्या भागाची, तो सर्वात शेवटी तयार होतो. माणसात पंचविशीच्या आसपास. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वय लागतं. तो आकडा एमआरआय बघून ठरलेला नाही, पण मेंदूच्या वेळापत्रकाच्या अगदी जवळ जातो.

आपल्याकडे इथेनॉल म्हटलं की साखर कारखाना आठवतो. मळी आंबवायची, ऊर्ध्वपातन करायचं. पेट्रोलमध्ये मिसळतात तो रेणू आणि बाटलीतला रेणू एकच. तो इतका लहान आहे, आणि पाण्यात आणि चरबीत दोन्हींत असा मिसळतो, की रक्तातून मेंदूत शिरायला त्याला कुणी अडवत नाही. काही मिनिटांत तो आत असतो. डागडुजी चाललेल्या घरात शिरल्यासारखा.

आता त्या ढोलवाल्या मुलाकडे येऊ.

१९९८ मध्ये मेरिसा सिल्व्हेरी आणि लिंडा स्पिअर यांनी केलेला प्रयोग अगदी साधा आहे. उंदराला गुंगी येईल इतकी दारू टोचायची. झोपला की त्याला पाठीवर उताणा ठेवायचा. शुद्धीवरचा कुठलाही उंदीर पाठ टेकलेली सहन करत नाही, लगेच पालथा होतो. गुंगीत असेल तोवर तसाच पडून राहतो. किती मिनिटांनी तो आपण होऊन उलटतो, ते मोजायचं. आणि तो उलटला त्या क्षणी त्याच्या शरीरात किती दारू आहे, तेही मोजायचं.

पोरसवदा उंदीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर उठले. म्हणजे गल्लीतली गोष्टच पिंजऱ्यात घडली. वडीलधारी आडवी, पोरं उभी. पण खरी गोष्ट दुसऱ्या मोजणीत आहे. उठले त्या क्षणी पोरसवदा उंदरांत दारूचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं. म्हणजे त्यांची दारू लवकर उतरली म्हणून ते उठले असं नव्हतं. दारू आत होती, भरपूर होती, आणि तरीही ते चार पायांवर उभे होते. ‘पचवली’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! पचलेलं काहीच नव्हतं.

‘चढणं’ ही एक गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींची मोळी आहे. झिंग येणं, जीभ सैल होणं, तोल जाणं, झोप येणं, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसणं. प्रत्येकामागे मेंदूतल्या वेगळ्या जोडण्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच वयात तयार होत नाहीत. स्पिअर यांच्या प्रयोगशाळेनं ही मोळी सोडून एकेक काडी तपासली. पोरसवदा उंदरांना झोप कमी येते. तोल कमी जातो. दारू उतरल्यानंतरची जी बेचैनी मोठ्या उंदरांत दिसते, तीही त्यांच्यात कमी दिसते. मोठ्या माणसाला “आता बस” म्हणणाऱ्या या सगळ्या खुणा, आणि नेमक्या त्याच त्या वयात फिक्या असतात.

एक खूण मात्र उलट्या बाजूला जाते. इथे कुस्ती येते. एलेना वार्लिन्स्काया आणि स्पिअर यांनी पोरसवदा उंदरांना थोडीशीच दारू देऊन सवंगड्याबरोबर सोडलं, तर त्यांची कुस्ती वाढली, ते एकमेकांकडे जास्त जायला लागले. मोठ्या उंदरांत अशी वाढ झाली नाही, त्यांचं मिसळणं दारूनं कमीच झालं. म्हणजे गोड भाग मिळतो तो पोरांना जास्त, आणि कडू भाग कमी. मिरवणुकीत, मित्रांच्या घोळक्यात, ढोलाच्या दणक्यात सतरा वर्षांच्या पोराला काय वाटत असेल याचं इतकं नेमकं उत्तर मला आजवर कुठल्या उपदेशात सापडलेलं नाही. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच चढत नाही, आणि खरंच मजा येते. म्हणून तो पुढचा ग्लास घेतो. गाडीचा ब्रेक लागत नाही म्हणजे गाडी दणकट आहे असं कुणी समजत नाही ना, तसंच हे.

मग त्या वेळी नुकसान कुठे होत असतं? ज्या गोष्टी चालताबोलता दिसत नाहीत तिथे. उदाहरणार्थ, आठवण.

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला पट्टा असतो. आज काय घडलं, वस्तू कुठे ठेवली, काल वाचलेलं काय होतं, हे पहिल्यांदा तिथे नोंदवलं जातं. ही नोंद होते ती पेशींच्या सांध्यावरच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरमुळे, म्हणजे संदेश पकडणाऱ्या दारामुळे. त्याचं वागणं बँकेच्या लॉकरसारखं आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. या रिसेप्टरलाही तसंच. पलीकडच्या पेशीनं पाठवलेलं ग्लुटामेट हे रसायन ही एक किल्ली, आणि अलीकडची पेशी आधीच जागी झालेली असणं ही दुसरी. दोन्ही एकदम लागल्या तरच दार उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि तो सांधा मजबूत होतो. दोन गोष्टी एका वेळी घडल्या हे पेशीला असं कळतं. शिकणं म्हणतो ते मुळात हेच.

दारू या लॉकरचं दार जाम करते. ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्ट्झवेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ च्या सुमाराला उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांच्यावर दारूचं द्रावण सोडलं. तेवढ्याच दारूत लहान वयाच्या उंदराच्या कापातलं दार मोठ्या उंदराच्या कापापेक्षा जास्त अडलं. पेशींचे सांधे मजबूत होण्याची क्रियाही जास्त बंद पडली.

काप बशीतले होते. चालताबोलता उंदीर काय करतो? यासाठी पाण्याचा हौद वापरतात. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती मला विज्ञानातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. मोठा गोल हौद, पाणी दूध घालून पांढुरकं केलेलं. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटा पाट, जो दिसत नाही. उंदीर पोहतो, कारण त्याला पोहता येतं, पण आवडत नाही. पोहता पोहता कधीतरी पाट सापडतो. भिंतीवरच्या खुणा बघून तो जागा लक्षात ठेवतो आणि काही दिवसांत सरळ तिकडे जायला शिकतो. स्वार्ट्झवेल्डर यांच्या गटानं १९९८ मध्ये हा प्रयोग दारू देऊन केला. ज्या मात्रेत मोठे उंदीर शिकू शकले, त्याच मात्रेत पोरसवदा उंदीर मागे पडले. पाट पाण्याच्या वर दिसेल असा ठेवला, तेव्हा मात्र ते मागे पडले नाहीत. म्हणजे पोहणं ठीक होतं, अंगात बळ होतं. जागा लक्षात राहत नव्हती. सगळ्याच चाचण्यांत हा फरक इतका ठळक येतो असं नाही, हेही सांगायला हवं. तरी आधीच्या प्रयोगाशेजारी ठेवून बघा. तो मुलगा उभा राहतो, ढोल वाजवतो, सगळ्यांना धडधाकट दिसतो. आत लिहून घेणारा कारकून मात्र केव्हाच झोपलेला असतो.

इथवरचं सगळं दारू शरीरात असतानाचं झालं. पालकांना आणि मला जास्त काळजी पुढच्याची आहे. पोरं प्यायली, वय सरलं, सुटलं, तर मेंदू पूर्वपदावर येतो का?

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फुल्टन क्रूज, रायन व्हेट्रेनो आणि इतरांनी यासाठी एक पद्धत रूढ केली. पंचविसाव्या ते पंचावन्नाव्या दिवसापर्यंत दोन दिवस दारू, दोन दिवस सुट्टी. शनिवार-रविवार पिणाऱ्या पोरांचा ताल. मग दारू पूर्ण बंद. उंदीर मोठा होऊ द्यायचा आणि मग तपासायचा. अमेरिकेत २०१० पासून अनेक प्रयोगशाळा मिळून हे काम करतात.

मात्रा असते किलोमागे ५ ग्रॅम. हा आकडा ऐकून माझा एक सहकारी म्हणाला, “इतकी कोण पितं?” हिशोब करून बघितला. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के दारू धरली, तर सुमारे ६१ ग्रॅम इथेनॉल होतं. ५० किलोच्या मुलाला किलोमागे ५ ग्रॅम म्हणजे २५० ग्रॅम, चार क्वार्टर! पण उंदराचं यकृत वजनाच्या हिशोबात माणसाच्या जवळपास तिप्पट वेगानं दारू जाळतं. म्हणून प्यायलेले ग्रॅम लावून बघण्यात अर्थ नाही, रक्तात किती पोचली ते बघायचं. या उंदरांत १०० मिली रक्तामागे दीडशे-दोनशे मिलीग्रॅमच्या घरात जाते. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा आहे ३० ची. अमेरिकेतली दारूविषयक संशोधन संस्था एका बैठकीत ८० च्या वर जाण्याला बेसुमार पिणं म्हणते. दीडशे-दोनशे हे खूप आहे, पण मिरवणुकीच्या रात्री अशक्य नाही.

हे उंदीर मोठे झाल्यावर दिसायला ठणठणीत असतात. एखादी जागा शिकायला दिली तर शिकतात. गडबड होते ती नियम बदलल्यावर. एक गोल टेबल असतं, कडेनं भोकं, त्यातल्या एका भोकाखाली लपायची पेटी. उंदराला लख्ख उजेडात उघड्यावर राहणं नको असतं, तो पेटी शोधतो. एकदा शिकला की पेटी दुसऱ्या भोकाखाली हलवायची. साधा उंदीर थोडं चुकून नवी जागा पकडतो. लहानपणी दारू दिलेला, आता कित्येक आठवडे दारू न चाखलेला उंदीर मात्र जुन्या भोकाकडे जात राहतो. शिकलेलं सोडता येत नाही. मला यातला हा भाग सर्वात जास्त लागतो. आयुष्यात बहुतेक वेळा आपल्याला तेच करावं लागतं, जुनं चालत नाही म्हटल्यावर दुसरं धरावं लागतं. यांच्यात बेचैनीही जास्त दिसते, उघड्या उजेडाच्या जागेत जायला ते कचरतात.

मेंदू उघडल्यावर काय मिळालं? हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणीही थोड्या नव्या पेशी जन्मत असतात, त्या कमी झालेल्या. लक्ष आणि स्मृती सांभाळणारं अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या मेंदूच्या तळाकडच्या पेशीही मोजणीत कमी. शिवाय मेंदूचे राखणदार, मायक्रोग्लिया, चिडलेले. दारूच्या माऱ्यानं पेशीच्या केंद्रातलं एक प्रथिन बाहेर पडतं, राखणदारांना ते धोक्याच्या आरोळीसारखं वाटतं, ते दाह सुरू करतात, दाहामुळे आणखी आरोळ्या. दारू थांबली तरी ही आरोळी लवकर थांबत नाही.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले भारतीय वंशाचे संशोधक सुभाष पांडे यांनी भीती आणि बेचैनी सांभाळणाऱ्या अमिग्डला या भागात आणखी खोल बघितलं. डीएनएची दोरी प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेली असते. रीळ घट्ट असेल तर त्यावरचा जनुक वाचला जात नाही. पौगंडात दारू मिळालेल्या उंदरांत ‘आर्क’ नावाच्या एका जनुकाशी हे रीळ घट्ट झालेलं होतं. अक्षरं तीच, पुस्तकाची पानं चिकटलेली. २०२२ मध्ये त्यांच्या गटानं क्रिस्पर या जनुकांत फेरफार करणाऱ्या तंत्राचं असं रूप वापरलं जे डीएनए कापत नाही, फक्त नेमक्या जागी जाऊन रीळ सैल करतं. त्या मोठ्या उंदरांची बेचैनी कमी झाली, आणि त्यांचं दारू पिणंही. ज्या उंदरांना कधी दारू दिली नव्हती, त्यांच्यात तीच जागा उलट्या दिशेनं घट्ट केली, तर ते बेचैन झाले आणि जास्त प्यायले. दोन्ही बाजूंनी दोरी ओढून बघितली आणि दोन्ही वेळा घंटा वाजली. हे माणसांच्या पाहणीतून कधीच कळलं नसतं.

एवढं असूनही उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बऱ्याच प्रयोगांत दारू नळीनं थेट पोटात जाते किंवा वाफेतून दिली जाते, उंदीर ती हौसेनं पीत नाही. त्या जबरदस्तीचा ताणही मेंदूवर होतो. म्हणून पाणी मिळणाऱ्या गटालाही तशीच नळी घालतात, तरी शंका पूर्ण जात नाही. उंदराचा कपाळामागचा भाग आपल्या मानानं अगदी छोटा. सुरुवातीची बरीच वर्षं फक्त नर वापरले गेले, आणि आता माद्यांत काही निष्कर्ष वेगळे निघतायत. पौगंडात दारू मिळालेला उंदीर मोठेपणी आपणहून जास्त पितो का, याचं उत्तर काही प्रयोगशाळांत हो आलं, काहींत नाही. कुणी उंदरांकडे बोट दाखवून “बघ, तू दारुड्या होणार” असं पोराला सांगितलं, तर ते या संशोधनाच्या पलीकडचं बोलणं होईल.

माणसाच्या जरा जवळ जायचं म्हणून माकडांवरही काम झालं. २०१० मध्ये मायकेल टॅफे आणि सहकाऱ्यांनी वयात येणाऱ्या ऱ्हीसस माकडांना अकरा महिने दारू पिऊ दिली. ती माकडं स्वतः पीत होती. त्यांच्याही हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींचा जन्म घटलेला आढळला. माकडं मोजकीच होती, पण उंदरांतली खूण तिथेही उमटली.

हे सगळं मी पुढच्या आठवड्यात दोन तास घेऊन वर्गात सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिचे डोळे भरले होते. “मॅडम, पण त्या पिल्लांनी काय केलं होतं?”

मी कॉलेजात असताना बेडूक फाडलेला आहे, आता ते बंद झालंय आणि मला त्याचं बरं वाटतं. तिला मी सोपं उत्तर दिलं नाही, कारण ते नाहीच. काय नियम आहेत ते सांगितलं. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, आणि प्रत्येक संस्थेत नैतिकता समितीनं मान्यता दिल्याशिवाय उंदराला हात लावता येत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र जगभर मानतात. प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी नकोच, लागले तर कमीत कमी, आणि त्यांना त्रास होईल तितका कमी. ती म्हणाली, “तरी पण.” मी म्हटलं, हो, तरी पण. त्या पिल्लांचं जे गेलं ते गेलंच. माझ्या मते त्यांचं देणं आपण एका मार्गानं तरी फेडू शकतो, त्यांच्याकडून जे कळलं ते नीट समजून घेऊन.

कान चुरगळलेला मुलगा दोन्ही तास गप्प होता. तास संपल्यावर जिन्यात गाठून त्यानं विचारलं, “मॅडम, ज्यानं आधीच प्यायलीय त्याचं काय? त्या उंदराचं परत नीट होत नाही?”

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. गल्लीतला तो दुसरा कोण, हेही नाही.

त्याला सांगितलं ते इथेही सांगते. अ‍ॅसिटिलकोलीनच्या ज्या पेशी कमी झाल्या म्हटलं, त्या सगळ्या मेलेल्या नव्हत्या. क्रूज आणि व्हेट्रेनो यांना पुढे असं दिसलं की त्यांतल्या बऱ्याच जणी जागेवरच होत्या, फक्त आपलं काम सोडून बसल्या होत्या. तिथेही जनुकांची पानं चिकटलेली होती. अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते गॅलँटामीन नावाचं औषध दिल्यावर त्या पेशी पुन्हा मोजणीत यायला लागल्या. आणि औषधाशिवाय आणखी एका गोष्टीनं तसंच झालं. उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. दाह कमी झाला, पेशी कामाला लागल्या. माणसाच्या पोरांत हे असंच होतं हे अजून कुणी दाखवलेलं नाही, हेही मी त्याला सांगितलं.

तो एक पायरी खाली उतरला आणि थांबला. “चाकात रोज किती पळवायचे त्यांना?”

“पळवायचं कुणी नाही,” मी म्हटलं. “चाक नुसतं ठेवलेलं असतं. रात्री दिवे गेले की ते आपले आपण पळतात.”